आई-बाबांचं ग्रीन कार्ड: आय-८६४ ला उत्पन्न कमी पडतंय, मावसभावाला शब्द टाकावा का?

साताऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी,

थोडं लांबेल, पण आकडे दिल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

मी इथली सिटिझन आहे. नवरा ग्रीन कार्डवर, दोन मुलं, दोघंही शाळेत. राहायला एडिसन, न्यू जर्सी. आई-बाबांसाठी दोन वेगवेगळे आय-१३०, म्हणजे नातेवाईकाला बोलावण्याचे अर्ज, भरले होते, दोन्ही मंजूर होऊन केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे (एनव्हीसी) आली. आता आय-८६४ म्हणजे अॅफिडेव्हिट ऑफ सपोर्ट (येणाऱ्यांना सांभाळण्याची लेखी हमी) जोडायचं आहे आणि तिथेच गाडी अडली आहे.

उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीने आख्खा विभागच बंद केला. मी शाळेत स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात मदतनीस आहे, वर्षाचे २९,००० डॉलर, तेही दहा महिन्यांच्या हप्त्यांत. टॅक्स रिटर्न दोघांचं एकत्र असतं, त्यामुळे मागच्या वर्षीच्या १०४० वर आकडा भरभक्कम दिसतो, पण त्यातला मोठा वाटा नवऱ्याच्या पगाराचा.

बाबा ७१ वर्षांचे, झेडपीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. पेन्शन चांगली आहे. आई ६६. साताऱ्यात बाबांच्या नावावर फ्लॅट आहे, कर्ज नाही. वाई तालुक्यात दोन एकर आहे, पण सातबारावर काकांचीही नावं आहेत. काही एफडी आहेत. गेल्या पावसाळ्यात बाबा जिन्यात घसरले. लिफ्ट बंद होती. आईला त्यांना उचलता येईना आणि फोन वरच राहिलेला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी आवाज ऐकला म्हणून निभावलं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. भाऊ-बहीण कोणी नाही, मी एकटीच.

माझा मावसभाऊ शिकागोजवळ असतो, नोकरी उत्तम. "काही लागलं तर हक्काने सांग" असं तो मागे म्हणाला होता. पण वहिनीच्या आईला त्यांनी दोन वर्षांपूर्वीच स्पॉन्सर केलंय. त्याला जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे माझ्यासोबत हमी देणारा, हो म्हणून विचारावं का? तो नक्की कशात अडकेल? आणि बाबांची पेन्शन, फ्लॅट यातलं काही धरतात का?

---

डॅलसकर

ताई, बिनधास्त विचारा. ही नुसती फॉर्मॅलिटी आहे. सही करायची, टॅक्सचे कागद द्यायचे, विषय संपला. आमच्या सोसायटीत एकाने मित्राच्या आई-वडिलांसाठी केलं, आजपर्यंत कोणी एक पैसा मागायला आलेलं नाही.

---

विदुला_कोलंबस

डॅलसकर, कोणी मागायला आलं नाही हे खरं असेल, पण म्हणून ती फॉर्मॅलिटी होत नाही. मी स्वतः एका मैत्रिणीच्या आईची जॉइंट स्पॉन्सर आहे. सही करण्याआधी फॉर्म आणि सूचना मी शेवटपर्यंत वाचल्या होत्या, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ताईंचं गणित. तुम्ही दोघं, दोन मुलं, आई आणि बाबा, घर सहा जणांचं. दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५ च्या तक्त्यात सहा जणांसाठी तो आकडा ५३,९३७ डॉलर होता आणि पाच जणांसाठी ४७,०६२. आई-बाबांच्या केस वेगळ्या असल्याने प्रत्येकाचा आय-८६४ वेगळा लागेल, आणि पहिल्याच्या फॉर्मवर काटेकोरपणे पाचच माणसं मोजली जातील. पण दोघांची मुलाखत मुंबईला बीकेसीत एकाच दिवशी असेल तर ऑफिसरसमोर दोन्ही फायली असतात. सहाचंच गणित धरून चला.

तुमचे २९,०००. म्हणजे त्या तक्त्यावर २४,९३७ कमी पडतात. नवऱ्याचं मागच्या वर्षीचं उत्पन्न इथे उपयोगाचं नाही, कारण ऑफिसर आजचं उत्पन्न बघतो. रिटर्न एकत्र असल्याने तुमचा डब्ल्यू-२, म्हणजे शाळेने दिलेला वर्षाच्या पगाराचा टॅक्स दाखला, वेगळा जोडावाच लागेल. शाळेकडून पत्र घेताना त्यात "वार्षिक वेतन" असा स्पष्ट आकडा लिहून घ्या. पगार दहा महिन्यांत वाटलेला असला की जुलैच्या पे स्टबवरून (पगाराच्या पावतीवरून) नसते प्रश्न निघतात.

आता मालमत्ता. उत्पन्नात जेवढी तूट, तिच्या पाचपट मालमत्ता दाखवली तर चालते. सिटिझनच्या नवरा-बायकोसाठी तिप्पट पुरते, आई-वडिलांसाठी पाचपट. तुमच्या बाबतीत १,२४,६८५ डॉलर. वर्षाच्या आत रोख करता येईल अशीच मालमत्ता धरतात. तुमची असेल किंवा आई-बाबांची, दोन्ही चालतात. बाबांची पेन्शन मात्र नाही. येणाऱ्या माणसाचं उत्पन्न धरायचं तर ते पुढे त्याच ठिकाणाहून चालू राहायला हवं, आणि जोडीदार सोडून इतर नातेवाईक असेल तर तो आत्ता तुमच्याच घरात राहत असायला हवा. बाबा साताऱ्यात आहेत, म्हणजे प्रश्न मिटला.

एक विचारते, एडिसनचं घर भाड्याचं की स्वतःचं?

आता मावसभावाचं. जॉइंट स्पॉन्सरला त्याच्या एकट्याच्या घराच्या जोरावर पूर्ण आकडा गाठावा लागतो. तुमचे २९,००० आणि त्याचे काही अशी बेरीज होत नाही. त्याच्या घरची माणसं, अधिक आई-बाबा, अधिक त्याच्या सासूबाई, कारण त्यांच्यासाठी केलेली सही अजून जिवंत आहे. आणि तो आला तरी तुमचा स्वतःचा आय-८६४ भरावा लागतोच, उत्पन्न कितीही कमी असो.

तो कशात अडकेल? हा अमेरिकन सरकारशी केलेला करार आहे. आई-बाबांनी गरिबांसाठीचा सरकारी लाभ घेतला, म्हणजे मेडिकेड (गरिबांचा सरकारी आरोग्यविमा), फूड स्टॅम्प, एसएसआय (गरीब वृद्धांना मिळणारी रोख मदत) असं काही, तर ती एजन्सी स्पॉन्सरकडून वसुली करू शकते. शिवाय आलेला माणूस स्वतःही स्पॉन्सरवर दावा लावू शकतो की मला १२५ टक्क्यांपर्यंत पोसण्याचं तुम्ही लिहून दिलंय. तुम्ही आणि तो दोघंही पूर्ण रकमेला बांधील असता, निम्मे-निम्मे नाही. खासगी हॉस्पिटलचं बिल मात्र या करारात येत नाही. ही गल्लत फार जण करतात आणि उगाच घाबरतात.

हे किती वर्षं? आलेला माणूस सिटिझन होईपर्यंत, किंवा त्याच्या नावावर सोशल सिक्युरिटीचे ४० क्वार्टर, म्हणजे नोकरी करून कर भरलेल्या तिमाह्या, जमेपर्यंत, किंवा तो ग्रीन कार्ड सोडून कायमचा परत जाईपर्यंत, किंवा मृत्यूपर्यंत. "पाच वर्षांनी सिटिझन होतील, सुटलो" असं सगळे म्हणतात. पण तुमच्या आईला इंग्रजी येतं का? नसेल, तर नागरिकत्वाची परीक्षा मातृभाषेत द्यायला वयाची ५५ वर्षं आणि ग्रीन कार्डावरची १५ वर्षं लागतात. त्या तेव्हा ८१ च्या असतील. वैद्यकीय कारणाने सूट मिळते, पण ती डॉक्टरांनी कारणासकट लिहून द्यावी लागते. क्वार्टर तर नोकरी केल्याशिवाय जमत नाहीत. म्हणजे मावसभाऊ पाच नाही, पंधरा वर्षांसाठी सही करत असेल. त्याच्या नोकरीचं तोवर काहीही होवो, सही कायम. घर बदललं तर ३० दिवसांत आय-८६५ भरून कळवायचंही त्याच्याच गळ्यात.

मी माझ्या मैत्रिणीला हो म्हटलं ते तिने माझ्यासमोर सगळं मांडलं म्हणून. आईचा आरोग्यविमा कोणता घेणार, हप्ता कोण भरणार, तिची नोकरी गेली तर काय, हे तिने एका कागदावर लिहून आणलं होतं. आणि माझ्या नवऱ्यालाही बसवलं होतं. तुम्ही विचाराल तर भावाला एकट्याला फोनवर विचारू नका. वहिनी समोर असताना विचारा. त्या घरावर आधीच एक सही आहे. भावाने भिडेखातर हो म्हटलं आणि वहिनीला नंतर कळलं, तर सणासुदीला दोन घरं एकमेकांकडे जायची बंद होतात. मी ते जवळून पाहिलंय.

---

डॅलसकर

विदुलाताई, आईच्या परीक्षेची बाजू माझ्या डोक्यात आली नव्हती. पण मला अजूनही वाटतं, माणसं चांगली असली तर प्रत्यक्षात काही होत नाही. नवे ग्रीन कार्डवाले तसेही पहिली पाच वर्षं बहुतेक लाभांना पात्र नसतात, मग वसुली कसली?

---

विदुला_कोलंबस

पहिली पाच वर्षं तुमचं बरोबर आहे. प्रश्न त्यानंतरचा आहे. सहाव्या वर्षी घरात एखादं मोठं आजारपण निघतं आणि समोरचा माणूस म्हणतो, मेडिकेडचा अर्ज भरून टाका ना. तेव्हा जॉइंट स्पॉन्सरला कोणी विचारत नाही. माणसं चांगली असतात म्हणूनच आधी बोलून घ्यायचं.

---

साताऱ्याची_लेक

विदुलाताई, खूप आभार. रात्री दोनदा वाचलं. घर स्वतःचं आहे, आम्हा दोघांच्या नावावर. २०१६ ला घेतलं. शेजारचं तसंच घर नुकतंच ५,६०,००० ला गेलं. आमचं कर्ज अजून ३,७०,००० आहे. राहतं घर धरतात का? मला वाटत होतं फक्त बँकेतले पैसे चालतात.

आईला इंग्रजी वाचता येतं, बोलायला लाजते. बाबांना चांगलं येतं, ते इंग्रजीच शिकवायचे.

---

विदुला_कोलंबस

राहतं घर धरतात. बाजारभाव वजा कर्ज. तुमच्या आकड्यांवर १,९०,००० होतात आणि लागतात १,२४,६८५. मावसभावाचा विषय बहुधा इथेच संपला.

शेजारच्या घराचा भाव पुरावा म्हणून चालणार नाही. परवानाधारक अप्रेझरचा (घराची किंमत ठरवणाऱ्याचा) ताजा रिपोर्ट काढा. डीड म्हणजे खरेदीखत, गहाणकर्जाचं चालू स्टेटमेंट, आणि घर दोघांच्या नावावर असल्याने नवऱ्याकडून आय-८६४ए, म्हणजे घरातल्या माणसाने द्यायची हमी, भरून घ्या. त्याचं उत्पन्न आज शून्य असलं तरी मालमत्तेसाठी तो कागद लागेल. नोकरी सुटताना त्याला एकरकमी काही मिळालं असेल तर ते उत्पन्न म्हणून दाखवू नका, बँकेतली शिल्लक म्हणून दाखवा. जुन्या कंपनीचा ४०१(के), म्हणजे निवृत्तीसाठीची बचत, असेल तर तोही, पण कर आणि ५९½ च्या आत काढल्याचा १० टक्के दंड वजा करून.

शेवटचा निर्णय मुंबईच्या ऑफिसरचा असतो. काही जणांना मालमत्तेपेक्षा पगार बघायला आवडतो, म्हणून आकडा काठावर ठेवू नका. आई-बाबांकडचंही जोडा. त्याचं इथे कोणीतरी नीट सांगेल, मला भारतातले कागद माहीत नाहीत.

---

पौडरोड

मी बँकेतून निवृत्त झालो. मुलगी सिअॅटलला असते. आमचे कागद नुकतेच झाले, म्हणून भारतातलं मी सांगतो.

सगळ्यात आधी बाबांना एक गोष्ट फोनवर शांतपणे सांगा: फ्लॅट विकायचा नाहीये. तो विकला तर किती येतील एवढंच दाखवायचं आहे. आमच्या ओळखीत एका गृहस्थांनी मूल्यांकनासाठी माणूस घरी येणार म्हटल्यावर चार दिवस जेवण सोडलं होतं. त्यांना वाटलं मुलाने घर काढलं विकायला. आयुष्यभराच्या कमाईचं घर असतं, हा धक्का देऊ नका.

कागद असे. इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं नो ड्यूज, आणि सरकारमान्य मूल्यांककाचा रिपोर्ट, इंग्रजीत आणि रुपये-डॉलर दोन्हींत. मराठी कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. एफडीसाठी बँकेकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात ठेव कधीची, आजची रक्कम किती आणि मुदतीआधी मोडता येते, हे तिन्ही लिहून मागा. ठेव महिन्याभरापूर्वीची असेल तर पैसे कुठून आले हे विचारतील, म्हणून आता घाईने इकडचे पैसे तिकडे करू नका. मागच्या वर्षभराचं पासबुक स्वच्छ दिसलं पाहिजे.

पैसे देशाबाहेर नेता येतात हेही दाखवावं लागतं. निवासी भारतीयाला एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली) आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर पाठवता येतात. ते दोघं अनिवासी झाले की खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, होतात आणि तिथे मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर आहे. सीएकडून हे दोन ओळींत लिहून घ्या, मालमत्तेच्या एकूण दाखल्यासोबत.

वाईची जमीन यात धरू नका. सातबारा सामाईक आहे, वाटणी झालेली नाही, आणि शेतजमीन महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला सहजी विकता येत नाही. वर्षाच्या आत रोख होईल असं कोणाला पटणार नाही. उलट काकांच्या सह्या मागायला गेलात तर गावात नसत्या चर्चा सुरू होतील.

पेन्शन हिशेबात धरत नसले तरी ती बंद पडू देऊ नका. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला अमेरिकेत असताना कसा द्यायचा ते निघण्यापूर्वी कोषागारात आणि बँकेत विचारून ठेवा. बाबांच्या हातात त्यांचे स्वतःचे पैसे राहिले पाहिजेत. परदेशात लेकीच्या घरी राहताना त्याचं मोल फार असतं. मी सहा महिने राहून आलोय, मला कळलंय ते.

---

साताऱ्याची_लेक

काका, तुमचा निरोप वाचून आधी आईला फोन केला, मग बाबांना. बाबांचा पहिला प्रश्न तोच होता: "म्हणजे फ्लॅट तुझ्या नावावर करायचा का?" नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज मोकळा झाला.

दोन गोष्टी राहिल्यात. नवऱ्याच्या दोन ठिकाणी मुलाखती चालू आहेत. नोकरी लागेपर्यंत थांबावं, की आहे त्या कागदांवर पुढे जावं? आणि विदुलाताई, आरोग्यविम्याचं तुम्ही मैत्रिणीच्या कागदाबद्दल लिहिलंत, तसा कागद मला मावसभावासाठी नाही तरी आमच्या दोघांसाठीच करायचा आहे. त्यात काय काय लिहू?

---

विदुला_कोलंबस

थांबू नका. एनव्हीसीत केस पडून राहिली तरी वर्षातून एकदा तरी त्यांच्याशी संपर्क हवा, नाहीतर बंद करतात. पण तुमच्याकडे आज पुरेसं आहे, मग पुढे जा. मुलाखतीची तारीख येईपर्यंत नोकरी लागली तर नवं आय-८६४ए, कंपनीचं पत्र आणि पहिल्या पे स्टब आई-बाबांकडे पाठवा, ते मुलाखतीला घेऊन जातील. मधे १५ एप्रिल उलटून गेला तर नव्या वर्षाचं टॅक्स ट्रान्सक्रिप्टही लागेल, ते आयआरएसच्या (अमेरिकन कर खात्याच्या) साइटवर फुकट मिळतं. ऑफिसरला कमी वाटलं तर तो २२१(जी) ची चिठ्ठी देतो, म्हणजे केस थांबते आणि आणखी कागद मागतात. जॉइंट स्पॉन्सर त्या टप्प्यालाही देता येतो. म्हणून मावसभावाला आत्ता फक्त एवढंच सांगून ठेवा की अशी वेळ आली तर तुमच्या दोघांशी बोलायला येईन. सही केल्यावरही व्हिसा मिळेपर्यंत त्याला लेखी माघार घेता येते, हेही सांगा. लपवू नका.

विमा. आल्यावर ६० दिवसांच्या आत मार्केटप्लेसमधून, म्हणजे खासगी विमे विकणाऱ्या सरकारी साइटवरून, घेता येतो, न्यू जर्सीचं स्वतःचं आहे. ६५ च्या वर असले तरी फुकटचं मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) मिळत नसेल तर तिथे घेता येतं. ही खिडकी चुकवलीत तर पुढच्या नोंदणीच्या हंगामापर्यंत ते दोघं उघड्यावर, म्हणून तिकीट काढतानाच तारीख लिहून ठेवा. पाच वर्षं सलग राहिल्यावर मेडिकेअर विकत घेता येतं. २०२५ चे दर पार्ट ए (हॉस्पिटल) चे महिन्याला ५१८ आणि पार्ट बी (डॉक्टर) चे १८५ होते, माणशी. म्हणजे दोघांचे मिळून महिन्याला १,४०६ डॉलर, वर्षाला सतरा हजारांच्या आसपास झाले. तुमच्या आजच्या पगारातून हे निघणार नाही, त्यामुळे नवऱ्याशी खरं बोलणं या आकड्यावर व्हायला हवं, आय-८६४ वर नाही.

बाबांच्या पायाचं काय झालं? घरात जिना असेल तर खालची खोली त्यांना द्या.

---

साताऱ्याची_लेक

पायाचं हाड जुळलं, काठी घेऊन चालतात. खालच्या खोलीत सध्या नवऱ्याचं ऑफिस आहे, ते वर हलवतोय. अप्रेझरची वेळ सोमवारची मिळाली. पौडरोड काका, साताऱ्यात मूल्यांकक शोधायला बाबांनी कुठे विचारावं?

---

पौडरोड

फ्लॅटवर कर्ज देणाऱ्या कुठल्याही मोठ्या बँकेच्या शाखेत. त्यांच्या पॅनेलवरची यादी मॅनेजर देतो. फी आधी ठरवून घ्या, आणि रिपोर्टवर मूल्यांककाचा नोंदणी क्रमांक व शिक्का आहे ना ते पैसे देण्यापूर्वी बघायला सांगा.